आधी उजेड, मग आवाज

त्या दिवशी दुपारी चार वाजता आजी आणि मी अंगणात एकमेकींचे हात धरून ओढाओढ करत होतो. ती मला घराबाहेर ओढत होती आणि मी तिला घरात.

२०२५ चा मे महिना होता. मी पुण्यात नोकरी करते आणि दर मे महिन्यात आठवडाभर किल्लारीला घरी येते. घरी आल्यावर काय करायचं ते ठरलेलं असतं. दुपारभर पंख्याखाली पडायचं, आंबे खायचे, ऊन उतरलं की ओट्यावर येऊन बसायचं. पण त्या वर्षी ऊन असं पडलंच नाही. सकाळी दहालाच अंग चिकचिक व्हायचं. तीन वाजले की आभाळ एका बाजूने काळंनिळं व्हायला लागायचं. आधी धूळ, मग वारा, मग पत्र्यांची खडखड आणि मग पाऊस. रोज.

उन्हाळ्यातला पाऊस आमच्याकडे नवा नाही. त्याला वळीव म्हणतात. रोहिण्या निघायच्या सुमाराला एक-दोन मोठे वळीव झाले की जमीन नांगराला मऊ पडते, म्हणून शेतकरी त्याची वाटही बघतो. अवकाळी वेगळा. हरभरा-ज्वारी काढणीला आलेली असताना फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो तो अवकाळी. हल्ली बातम्यांमध्ये दोन्हींना एकच शब्द वापरतात. त्या मे महिन्यात मात्र काय म्हणावं ते आम्हालाही कळत नव्हतं. वळीव एक-दोन असतात; हा रोजचा होता. पुढे २४ मे रोजी मान्सून केरळात पोचला आणि २६ मे रोजी मुंबईतही. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची १९५० पासून नोंद नव्हती. म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा यांच्या मधली जी रेघ असते, ती त्या वर्षी पुसलीच गेली होती.

तर त्या दिवशी माझ्या फोनवर मेसेज आला. पुढच्या तीन तासांत लातूर जिल्ह्यात विजांच्या कडकडाटासह पाऊस, सोसाट्याचा वारा, सुरक्षित ठिकाणी थांबा. मी तो वाचत होते तेवढ्यात खिडकी पांढरी झाली आणि लगेच असा आवाज झाला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

आजी पलंगावर पडलेली होती. गुडघे दुखतात म्हणून संडासला जातानाही तिला हात द्यावा लागतो. ती बाई उठली आणि अनवाणी धावत अंगणात गेली. मी दारात पोचेपर्यंत ती लिंबाच्या झाडाजवळ, उघड्या आभाळाखाली उभी होती.

"आज्जी, आत ये! वीज पडेल!"

"तू बाहीर ये! घरात काय करलालीस? बाहीर ये गं माय!"

मी धावत जाऊन तिचा हात धरला. तिने माझा धरला. तिच्या हातात इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

*

ज्यांना किल्लारी हे नाव फक्त सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातून माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. लोक उशिरा घरी येऊन झोपलेले. भूकंप झाला तो ६.२ रिश्टरच्या आसपासचा. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं जमीनदोस्त झाली. दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली.

जगात ६.२ चे भूकंप दरवर्षी कितीतरी होतात आणि बऱ्याचदा एवढी माणसं मरत नाहीत. आमच्याकडे मेली ती घरांमुळे. दोन-दोन फूट जाड दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी सर-तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकायची. थर वाढत जायचा. ही घरं उन्हाळ्यात थंडगार असत. गारा पडोत, वादळ येवो, माळवदाला काही होत नसे. आभाळातून येणाऱ्या सगळ्या संकटांसाठी याच्याइतकं चांगलं घर नव्हतं. संकट जमिनीतून येईल असं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. भूकंपाच्या सरकारी नकाशातही आमचा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो नकाशा २००२ मध्ये बदलला.

आजीची सासू त्या माळवदाखाली गेली. आजीची मुलगी, म्हणजे माझी आत्या, तीही गेली. ती नऊ वर्षांची होती. अण्णा, माझे वडील, तेव्हा पंधरा वर्षांचे होते. विसर्जनाहून आलेली पोरं रिकाम्या मंडपातच आडवी झाली होती, म्हणून ते वाचले. आजी स्वतः वाचली, कारण तिला त्या वेळी लघवीला जायचं होतं आणि ती परसात गेली होती. हे ती अजूनही असं सांगते, जणू तिची काहीतरी चूक झाली.

गावात अशा शेकडो गोष्टी आहेत आणि सगळ्यांचा अर्थ एकच निघतो. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं ते वाचले.

आजी त्या पहाटेच्या आवाजाबद्दल बोलते. आधी गुरगुरल्यासारखं झालं, म्हणते, लांबून मोठा ट्रक येतोय असं, आणि मग तो ट्रक पायाखालून गेला. त्या दिवसापासून तिच्या शरीराने एक नियम करून ठेवलाय : गडगडाट झाला की बाहेर पळायचं. या नियमाला डोकं लागत नाही. तो तिच्या पायात आहे. आमचं आत्ताचं पुनर्वसनाचं घर भूकंपाचा विचार करून बांधलेलं आहे आणि ते जुन्या घरासारखं कोसळणार नाही, हे तिला माहीत आहे. बत्तीस वर्षं ती तिथे राहिलेली नसली, तरी तीस तरी राहिली असेल. पण माहीत असणं वेगळं आणि पाय वेगळे.

आणि तिचे पाय अगदीच चुकीचे आहेत असंही म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारच्या निलंगा तालुक्यातल्या हासोरी गावात जमिनीतून आवाज यायला लागले, हादरे बसले आणि लोक रात्री घराबाहेर झोपायला लागले. मार्च २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा भूकंप झाला, तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. अशी बातमी आली की आमच्या घरात दोन-तीन दिवस कुणी मोठ्याने दार आपटत नाही.

पण मे महिन्यातल्या त्या दुपारी गडगडाट वरून येत होता. आणि त्यासाठीचा नियम बरोबर उलटा आहे.

*

भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ चा आकडा २,८८७ आहे. यातले बहुतेक खेड्यातले, शेतात काम करणारे, गुरं राखणारे, झाडाखाली आडोशाला थांबलेले. भूकंपात छप्पर मारतं. विजेत छप्पर नसणं मारतं.

हे वादळ तयार कसं होतं ते मी त्या आठवड्यात बसून नीट वाचून काढलं. मराठवाड्याची काळी जमीन एप्रिल-मे महिन्यात तव्यासारखी तापते. तिच्या लगतची हवा गरम, हलकी होऊन वर जाते. ती कोरडी असेल तर नुसती वावटळ होते. पण बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आलेलं असेल, तर वर जाता जाता त्याचा ढग होतो आणि तो दुपारच्या दोन-तीन तासांत बारा-बारा किलोमीटर उंच वाढतो. त्याच्या वरच्या भागात बर्फ असतो. बर्फाचे बारीक कण आणि जड, मऊ गारा एकमेकांवर आपटत राहतात आणि त्यातून ढगात वर एक, खाली दुसरा असा विद्युतभार वेगळा होतो. तो साठत जातो आणि एका क्षणी जमिनीकडे मोकळा होतो. विजेच्या त्या वाटेवरची हवा क्षणभर तीस हजार अंशांच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. इतकी तापलेली हवा एकदम फुगते आणि तिचा आवाज होतो. म्हणजे गडगडाट हा विजेचाच आवाज आहे, फक्त उशिरा पोचणारा.

वर जाणारा झोत जोरदार असेल तर गारा खाली पडू शकत नाहीत. वरच राहून त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात आणि त्या मोठ्या होऊन येतात. ते मी लहानपणी पाहिलंय. २०१४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर गारपीट झाली, त्यात लातूर-उस्मानाबादही होतं. एका संध्याकाळी आमच्या मागच्या पत्र्याच्या शेडवर गारा पडायला लागल्या तेव्हा शेजारी बसलेल्या आईचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ हलताना दिसत होते. सकाळी शेत पांढरं होतं. ज्वारी आडवी, हरभरा मातीत, आणि बांधावरच्या झाडाखाली मेलेल्या पाखरांचा सडा. अण्णा त्या शेतात काही न बोलता बराच वेळ उभे होते. मला तेव्हा वाटलं होतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर?

आता आधी सांगतात. हे खरंच बदललंय. भारतीय हवामान विभाग जिल्हावार पाच दिवसांचा इशारा देतो : हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठवाड्यासाठी हवामान आणि शेतीचा सल्ला काढतं. वादळ प्रत्यक्ष उभं राहिलं की पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे. आपल्या भोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडतेय का ते दाखवतं. भूकंपाचा असा इशारा आज जगात कुणीही देऊ शकत नाही. वादळाचा देता येतो. किल्लारीसारख्या गावाला तर हे चमत्कारासारखं वाटायला हवं.

वाटत नाही. कारण त्या आठवड्यात आमच्या जिल्ह्याला रोजच पिवळा रंग होता. पहिल्या दिवशी अण्णांनी मेसेज वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी 'आलाय परत' म्हणाले. तिसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा त्यांनी बघितलंही नाही. जिल्हा केवढा मोठा! एका दिवसात वादळ चार गावांवर येतं आणि बाकीची गावं कोरडी राहतात. इशारा खरा ठरतो, पण कोरड्या राहिलेल्या माणसाला तो खोटाच वाटतो.

आजी म्हणते, तेव्हाही असंच झालं होतं. १९९२ मध्ये, भूकंपाच्या आदल्या वर्षी, किल्लारीत बारीकसारीक हादरे बसत होते. सुरुवातीला लोक घाबरून बाहेर झोपले. मग थंडी पडली, कंटाळा आला, काही झालं नाही आणि एकेक जण पुन्हा घरात झोपायला गेला. आज मागे वळून पाहिलं की तो इशारा वाटतो. तेव्हा तो इशारा आहे असं कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. आणि सांगता आलं असतं, तरी माणूस किती रात्री बाहेर झोपेल?

*

आजीला मी शेवटी आत ओढलं. म्हणजे पाऊस एवढा जोरात आला की तिचाच तोल जायला लागला, म्हणून ती आली. तिला टॉवेलने पुसत होते तेव्हा आईने विचारलं, "तुझे अण्णा कुठंयत?"

अण्णा शेतात होते. दुपारी आभाळ भरून येताना बघूनच गेले होते. मी चिडून म्हणाले, मेसेज आला तेव्हा घरी यायचं की घरातून बाहेर जायचं? आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कडबा भिजला तर बैलांना तुझा मेसेज घालायचा का?"

तेव्हा मला जे कळलं ते पुण्यात बसून कधीच कळलं नसतं. वादळाचा इशारा शेतकऱ्याला घरी आणत नाही. तो त्याला शेतात पाठवतो. गंजीवर ताडपत्री टाकायची असते, बाहेर बांधलेली जनावरं हलवायची असतात, वाळत घातलेलं काही असेल तर ते उचलायचं असतं. आभाळ जितकं काळं, तितकी घाई. वीज पडायला लागते तेव्हा माणूस नेमका उघड्यावर असतो, आणि पाऊस सुरू झाला की जवळ आडोसा असतो तो झाडाचा.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

अण्णा आभाळात गडगडायला लागलं की फोन बंद करतात. मोबाइल वीज ओढून घेतो असं कधीतरी व्हॉट्सॲपवर आलं होतं, ते गावात सगळ्यांनाच पाठ आहे. हे खरं नाही. खिशातला मोबाइल वीज ओढत नाही. चार्जिंगला लावलेला, वायरने जोडलेला फोन वापरू नये, कारण वीज तारांतून घरात येऊ शकते. एवढाच त्यातला खरा भाग. पण त्या अर्ध्या खऱ्या गोष्टीमुळे असं होतं की ज्या क्षणी माणसाला इशारा मिळायला हवा, बरोबर त्याच क्षणी तो फोन बंद करतो.

पुढचा दीड तास आम्ही तिघी घरात बसलो. लाइट गेली होती. प्रत्येक वेळी खिडकी उजळली की आजी उठायला बघायची आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवायचे. आई देवापुढे बसली नाही, रडली नाही. तिने अंधारात लसूण सोलला. एवढा लसूण आम्हाला महिनाभर पुरला असता. मी मनात चिंचेचं झाड बघत होते. आमच्या बांधावर एक मोठी चिंच आहे. तिच्याखाली बैल बांधतात. पावसात अण्णा कुठे थांबत असतील ते मला माहीत होतं, कारण लहानपणी मीही त्यांच्यासोबत तिथेच थांबलेय.

त्या दीड तासात मला पहिल्यांदा आजीचं कळलं. जवळचं माणूस कुठल्या छपराखाली आहे किंवा नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे आणि आपल्याला काहीच करता येत नाही, हे तिने एकदा पूर्ण भोगलेलं आहे. मी फक्त त्याच्या दारापर्यंत गेले होते.

अण्णा सात वाजता आले. नखशिखांत भिजलेले, पण ठीक. हातपाय धुतले, चहा मागितला आणि सहज सांगितलं, "दोन शेतं पलीकडं लिंबावर पडली. उभं फाटलं झाड." ते चिंचेखालीच थांबले होते. पण चिंच गळायला लागली म्हणून शेजारच्या वस्तीवर उभ्या असलेल्या जीपमध्ये काचा लावून बसले. बैल चिंचेखालीच राहिले. बैलांना काही झालं नाही.

म्हणजे ते वाचले ते पावसात भिजायचा कंटाळा आला म्हणून. बंद जीप ही वादळात थांबायला चांगली जागा असते. वीज पडली तरी ती गाडीच्या बाहेरच्या लोखंडावरून जमिनीत जाते. हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना फक्त कोरडी सीट हवी होती. आणि १९९३ मध्ये ते वाचले ते घरी जायचा कंटाळा आला म्हणून. आमच्या घरात आयुष्य असं कंटाळ्यावर चाललंय.

*

रात्री भांडण झालं. मी मोठ्याने बोलले, अण्णा गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "मग काय करावं सांग. नुसतं करू नको म्हनू नकोस."

हा प्रश्न बरोबर होता. मेसेजमध्ये 'सुरक्षित ठिकाणी थांबा' असं असतं. कडबा कुणी झाकायचा ते त्यात नसतं. मग आम्ही बसून ठरवलं. कडब्याचं काम तीन तासांच्या इशाऱ्यावर करायचंच नाही. ते पाच दिवसांच्या इशाऱ्यावर करायचं. पिवळा रंग दिसला की सकाळी शेतात गेल्यावर पहिलं काम ताडपत्री, मग बाकीचं. रोज झाकून रोज उघडावी लागली तरी चालेल. तीन तासांचा इशारा फक्त माणसासाठी. तो आला की हातातलं टाकायचं आणि निघायचं. फोन चालू ठेवायचा. बैल चिंचेखाली बांधायचे नाहीत. झाडावर वीज पडली की ती जमिनीतून पसरते आणि जनावराचे पुढचे-मागचे पाय लांब असल्यामुळे ती त्याच्या अंगातून जाते. म्हणून एका झाडाखाली चार-चार गुरं मेलेली सापडतात. माणसाला उघड्यावर काहीच मिळालं नाही तर पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही, हेही त्याच कारणाने.

अण्णांनी सगळं ऐकलं. बैलांवर अडले. वीज पडून माणूस गेला तर सरकार घरच्यांना चार लाख देतं, बैलासाठीही काही मिळतं. पण जोडीच्या बाजारभावाच्या ते जवळपासही जात नाही. "शेड मारावं लागंल," ते म्हणाले. म्हणजे पैसे. म्हणजे पुढच्या वर्षी.

आजी हे सगळं ऐकत पडली होती. मला वाटलं झोपली असेल. ती म्हणाली, "आनि मी काय करू?"

कुणी तिला काही विचारलंच नव्हतं. तिचे पाय बाहेर पळतात, यावर कुठल्या मेसेजमध्ये काही लिहिलेलं नसतं. 'बाहेर जाऊ नको' एवढंच सांगणं तर शक्य नव्हतं, कारण उद्या जमीन हलली तर? जिने दोन माणसं घरात गमावलीत तिला 'गडगडलं की घरातच बस' असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

मग मी तिला विचारलं, "आज्जी, त्या पहाटे आवाजाच्या आधी उजेड पडला होता?"

ती बराच वेळ विचार करत राहिली. "नाही," म्हणाली. "अंधारच व्हता. नुसता आवाज."

"विजेत आधी काय होतं?"

"उजेड."

"मग आधी उजेड पडला तर ती वीज. आत यायचं. नुसताच आवाज आला, आणि पायाला कळलं, तर बाहेर."

हे काही शास्त्राच्या पुस्तकात लिहायचं सूत्र नाही. दिवसाढवळ्या लांबची वीज दिसतही नाही आणि नुसता आवाज येतो. म्हणून मी तिला दुसरं कलम सांगितलं : अशा वेळी आभाळाकडे बघायचं. काळं असेल तर आत. आणि पाय जमिनीला टेकवून ठेवायचे, कारण गडगडाटाने खिडक्या थरथरतात, पण जमीन चालत नाही. हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. "ते मला नको सांगूस," ती म्हणाली. "जमीन चालल्यावर कसं लागतं ते मला कळतंय."

दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा आभाळ आलं. मी तिच्याजवळ पलंगावर बसले. वायरी काढून ठेवल्या, खिडकीच्या लोखंडी गजांपासून आणि नळापासून लांब सरकलो. वीज चमकली. तिचे पाय पलंगाखाली उतरले. मी म्हणाले, "मोज." उजेडापासून आवाजापर्यंत मोजायचं, तीनला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे आतच राहायचं, आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

ती मोजायला लागली. एक, दोन, तीन. सातला आवाज आला. तिचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला, पण ती उठली नाही. पुन्हा उजेड. यावेळी अकरा. पुन्हा. सोळा. "लांब चाललंय," ती म्हणाली, आणि हे तिने मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

मला वाटतं, तिला पहिल्यांदाच असा आवाज भेटला जो येण्याआधी सांगून येतो. सात सेकंद का होईना.

*

जूनमध्ये मी पुण्यात परतल्यावर एका संध्याकाळी तिचा फोन आला. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"बारा आले आत्ता," ती म्हणाली.

"मग तू कुठं आहेस?"

"घरातच हाय. दारापाशी हाय."

"दारापाशी नको आज्जी, आत सरक."

"दार उघडं असू दे. तेवढं राहू दे."

मी पुढे काही बोलले नाही. अण्णा कुठे आहेत विचारलं. ती म्हणाली शेतातून निघालेत, रस्त्यात आहेत, आत्ताच बोलणं झालं. फोन चालू होता म्हणजे.

"शेडचं काय झालं?"

"सोयाबीन निघाल्यावर बघू म्हनतोय," ती म्हणाली, आणि मग एकदम, "थांब, थांब. उजेड पडला." आणि फोन कानाला तसाच धरून ती मोजायला लागली. पुण्यात माझ्या खोलीत बसून मीही तिच्यासोबत मोजत होते.